खिडकीवर आलेली चिठ्ठी

गोळ्यांची चिठ्ठी मी दुरून ओळखतो.
सव्वीस वर्षं झाली या जाळीच्या खिडकीत.
डॉक्टर बदलले, अक्षर तेच राहिलं,
मुंगीच्या पायाला शाई लागल्यासारखं.

ही मात्र सुवाच्य होती. म्हणून थबकलो.

नरसव्वा दासरी, वय एकसष्ट.
बीपीची गोळी, सकाळी एक. ठीक.
खाली:
बुधवार, दुपारी चार, बालवाडीची खोली, गल्ली सात.
सोबत सूप न्यावं.
आठ आठवडे.
आणि बागवान मॅडमची सही, शिक्क्यासकट.

"हे आमच्याकडं नसतंय, मावशी."
"मग लिहिलं कशाला?"
मागं रांगेत चौदा माणसं, ऊन बेचाळीसचं,
पंखा फक्त स्वतःपुरता फिरत होता.

तिला ओळखत होतो. महिन्यात नऊदा यायची.
छातीत धडधड, रात्री डोळा नाही,
अंधारात बोटं आपोआप वळतात म्हणायची,
हजार विड्या झाल्याशिवाय थांबत नाहीत.
पान-तंबाखू सुटून तीन वर्षं झाली.
ईसीजी सरळ. रक्त सरळ.
लेक भिवंडीला, नवरा फोटोत,
घरात बोलणारा एक कुकर.

मग जोडताई आली. तिच्या पदाचं नाव लांबलचक,
ओळखपत्रावर दोन ओळींत मावत नाही.
सरस्वती मेरगू. बाप बीम सांधायचा,
संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा,
एकेक धागा, बावीसशे गाठी,
चिमटीला थुंकी लावून.
"मी पण तेच करते," ती म्हणाली,
"फक्त माझे धागे चिडतात."

पहिल्या बुधवारी खोलीला कुलूप.
किल्लीवाली बाई अक्कलकोटला लग्नाला.
गुरुवारी नरसव्वानं चिठ्ठी माझ्या अंगावर फेकली.
दुसऱ्या बुधवारी भांडण, तेलुगूत,
कुणाचं सूप आधी टेकलं यावरून.
तिसऱ्याचं मला माहीत नाही.

चौथ्या आठवड्यात ती आलीच नाही.
पाचव्यातही.
दवाखान्यात न येण्याचे दोनच अर्थ.
नोंदवहीत तिच्या नावापुढं
पेन धरून बसलो आणि काही लिहिलं नाही.

बुधवारी तीनलाच खिडकी लावली.
(रजेचा अर्ज नंतर दिला. कारण: पोटदुखी.)
कुंभारीच्या सिटीबसमध्ये उभ्यानं गेलो,
खिशात तिच्या गोळ्यांची पट्टी,
विचारलंच कुणी तर दाखवायला.

बालवाडीच्या भिंतीवर अ अननसाचा.
खाली अकरा बायका, पाय पसरून,
सुपात तंबाखू नाही, शेंगदाणे.
कोपऱ्यात उखळ, लाल तिखटाचा ठसका,
चटणीची पाकिटं मेणबत्तीवर बंद होत होती.
एक बाई नुसतीच गप्प होती.
तिला कुणी बोलतं करत नव्हतं.
तिच्याही सुपात दाणे होते.

नरसव्वा एका पोरीच्या हातावर चापट मारत होती,
"नखानं नाही गं, चिमटीनं!"
तिची बोटं दिवसाउजेडी चालली होती.

"काय ओ कंपाउंडर," तिनं वर न बघता विचारलं,
"तुम्हाला काय झालंय?"

गोळ्या संपल्या असतील तुमच्या, मी म्हटलं.
"त्या ठेवा तिथं. तुम्हाला काय झालंय?"

एवढ्या वर्षांत जाळीच्या त्या बाजूनं
हा प्रश्न कधी आत आला नव्हता.
मला सांगता येईना. डबा लावलाय मी,
घरात कुकरसुद्धा नाही,
एवढंच सुचलं.

"रा, कूर्चो," ती म्हणाली,
आणि सूप सरकवलं.

खवट दाणे वेगळे काढायचे होते.
मला जमेनात. चांगलेच बाजूला पडत होते.
पोरगी हसली.
सहाला वीज गेली.
कुणी उठलं नाही.